भट्टी पाडून लोहाराचा पुतळा नको : आमच्या पंचायतीला खुलं पत्र

मा. सरपंच, उपसरपंच आणि सर्व पंच सभासद यांस,

स.न.वि.वि.

तिठ्यावरची लोहाराची भट्टी आणि तिला लागून असलेलं त्यांचं घर पाडायचं, तिथे पार्किंग करायचं आणि उरलेल्या तुकड्यावर सुशोभीकरण म्हणून हातोडा उगारलेल्या लोहाराचा सिमेंटचा पुतळा बसवायचा, असा ठराव आपल्या पंचायतीने घेतलाय, हे गावाला कळलं ते भट्टीच्या दारावर नोटीस चिकटवल्यावर. तेव्हापासून दुकानात, देवळाच्या पायऱ्यांवर, व्हॉट्सॅपवर सगळे ह्यावरच बोलतायत, पण बोलतायत ते हळू आवाजात, कारण गाव लहान आहे आणि प्रत्येकाचं पंचायतीत काही ना काही अडकलेलं असतं, कोणाची घरपट्टी, कोणाची एनओसी. माझंही असतं. तरी हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ऑफिसात येऊन तुमच्या टेबलासमोर बोलले असते तर ते तिथल्या तिथे राहिलं असतं, आणि हा विषय तिथल्या तिथे राहण्यासारखा नाही.

आधी माझं काय अडलंय ते सांगते. मी ह्या गावात लग्न होऊन आले आणि आज घरचं कुळागर मीच बघते. माड, पोफळी, केळी, मिरवेली, थोडी अननसं. मी डावखुरी आहे. आमच्याकडच्या कोयत्याला धार एकाच अंगाने काढतात, ती डावखुऱ्या माणसाला उलटी पडते, मग कोयता फांदीत शिरायच्या ऐवजी सटकतो, आणि सटकलेला कोयता कुठे जाऊन बसतो हे कुळागरात राबणाऱ्याला वेगळं सांगायला नको. फोंड्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत चकचकीत कोयते रांगेत टांगलेले असतात पण डावखुऱ्या बाईचा कोयता त्यात नसतो. लग्नानंतर सासूबाई मला भट्टीवर घेऊन गेल्या, दादांनी (आमचे लोहार, सगळा गाव त्यांना दादाच म्हणतो) मला एक दांडा हातात धरायला लावला, हवेत दोन घाव घालायला लावले, मूठ किती मोठी ते बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात कोयता तयार. धार डाव्या अंगाने, वजन माझ्या मनगटाला झेपेल एवढं. तो कोयता अजून माझ्या कमरेला असतो, पातं झिजून अरुंद झालंय, तरी दर पावसाच्या आधी दादा त्याला पाजवून देतात. तर मला काय पडलंय ह्या भट्टीचं असं कोणी विचारलं तर हे उत्तर.

नोटिशीत ह्या वास्तूला "रस्त्यालगतचे जीर्ण व निरुपयोगी बांधकाम" एवढंच म्हटलंय, एका ओळीत विषय संपवलाय, म्हणून तिची हकीकत मला जरा लांबण लावून सांगावी लागतेय. तुमच्यातल्या निम्म्या जणांना ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण ठरावात ती कुठेच आली नाही.

आपल्याकडे गाव बसला तो गावकरी पद्धतीने. शेतं, बांध, पाणी सगळं गावाचं, आणि गाव चालायचा तर लोहार, सुतार, कुंभार, म्हालो (न्हावी) हे लागतातच, म्हणून गावाने त्यांना बोलावून वसवायचं, राहायला जागा द्यायची, चाकरीच्या बदल्यात कसायला नमशीची, म्हणजे इनामासारखी, जमीन द्यायची, आणि वर्षाला पीक आलं की खळ्यावरच त्यांचा वाटा काढून ठेवायचा. तिसवाडीकडच्या गावकरीच्या चालीरीती पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये फोरालात, म्हणजे त्यांच्या सनदेत, लिहून काढल्या. आमचा अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याकडचा भाग, त्यांच्या ताब्यात गेला तो पार अठराव्या शतकात, पण इथला गावही त्याच चालीने चालत होता. दादांचं घराणं तिठ्यावर आलं ते असंच, गावाने बोलावलं म्हणून आलं. तीन वाटा जिथे मिळतात तिथेच जागा दिली कारण एक वाट खाजनाकडे (खाडीकाठच्या बांधातल्या शेतांकडे) जाते, एक कुळागरांकडे आणि एक वर मोरडाकडे (वरकस जमिनीकडे), तिन्ही प्रकारच्या शेतीचा माणूस जाता-येता हत्यार टाकून जाऊ शकेल. म्हणजे ती भट्टी रस्त्याच्या आड आलेली नाही, तो तिठा जेवढा जुना आहे तेवढीच तीही जुनी आहे.

घर म्हणाल तर लहानच. चिऱ्यांचा पाया, वर मातीच्या जाड भिंती, पुढे सोपो (ओसरी), मागे रांधायची खोली, आणि डाव्या हाताला उतरत्या छपराखाली भट्टी. पूर्वी चुडतांनी (माडाच्या झावळ्यांनी) शाकारलेलं होतं असं दादांच्या आईकडून ऐकलेलं माझ्या सासूबाई सांगायच्या, भट्टीवर चुडतं म्हणजे जीव मुठीत धरूनच राहायचं, त्यामुळे ऐपत आल्याबरोबर आधी भट्टीवर नळे (नळीची कौलं) चढवले आणि मग घरावर. मंगळुरी कौलं त्याच्या नंतरची. त्यातली काही कौलं उलटून बघा, बासेल मिशनचा छाप अजून वाचता येतो. मंगळूरला ह्या कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला आणि गलबतांतून ती सगळ्या किनाऱ्यावर पोचली. ऐरण आहे तो रुळाचा तुकडा, मुरगावची रेल्वे १८८० च्या दशकात धावायला लागली त्याच्या नंतर कधीतरी दादांच्या आज्याने मिळवलेला, माट्टीच्या लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून बसवलेला, आणि तो ओंडका कमरेइतका जमिनीत पुरलेला आहे. बाजूला पाण्याची दगडी दोण. भाता पूर्वी कातड्याचा होता, नंतर हाताने फिरवायचा पंखा आला, आता छोटा विजेचा ब्लोअर आहे, पण लाइट गेली की पंखा पुन्हा खाली उतरतो. कोळसा करवंट्यांचा, आणि करवंट्या अख्ख्या गावातून येतात, आमच्याही घरून जातात.

काय काय झालं नाही त्या भट्टीवर. नांगराचे फाळ, कुदळी, पहारी, विळे, आदोळ्या, बैलगाडीच्या चाकांच्या धावा. धाव बसवताना बघितलेली माणसं आता म्हातारी झाली, पण ती सांगतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. लोखंडाची कडी चाकापेक्षा बोटभर लहानच करायची, मग शेणी रचून तिला सगळीकडून सारखी तापवायची, तापली की ती फुगते, तेवढ्यात चौघांनी सांडशीत धरून लाकडी चाकावर उतरवायची आणि लगेच पाणी ओतायचं, ती आवळत जाते आणि आऱ्या, तुंबा सगळं एकत्र करकचून बसतं, एक खिळा लागत नाही. आपल्या देवळाच्या रथाच्या चाकांचं लोखंडकाम ह्याच भट्टीतलं. खाजनाच्या मानशीच्या (पाणी अडवायच्या दाराच्या) फळ्यांना लागणारे खिळे आणि पट्ट्याही इथल्याच. भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती त्या वर्षांत घाटावरून हत्यारं येईनाशी झाली तेव्हा पंचक्रोशीतल्या लोकांनी जुनं भंगार आणून इथे नवी हत्यारं करून घेतली. पुढे खाणींवर माती पिकासाने खणून टोपल्यांतून काढायचे तेव्हा पिकासांची टोकं बसवायला खाणीवरची माणसं रात्री यायची. मग ट्रक आले, ट्रकचे कमानपाटे मोडायला लागले, आणि त्या पाट्यांच्या पोलादाचे कोयते इतके चांगले व्हायला लागले की आजही दादा दुसरं लोखंड घ्यायला नाखूष असतात. मांडवीतून बार्जेस भरभरून लोखंडाची माती मुरगावला जात होती, तिथून जपानला, आणि तिठ्यावर दादांचे वडील मोडक्या पाट्यातून गावाला हत्यारं पुरवत होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजत उभे राहिले, भट्टी मात्र चालूच होती.

हे सगळं मी इतिहास म्हणून सांगत नाहीये. भट्टी आजही चालते. सत्तरी ओलांडलेले दादा आठवड्यात दोन-तीन दिवस बसतात, आणि त्यांचा पुतण्या कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली शिफ्ट सांभाळून रविवारी आणि सुट्टीला बसतो. मे महिन्यात, मिरगाच्या आधी, येऊन बघा. दारात हत्यारांची रांग असते. माड पाडणारा पाडेली येतो, काजूवाले येतात, खाजनातली माणसं येतात, शेजारच्या गावचा रेंदेर (माडाचा सूर, म्हणजे माडी, काढणारा) अजून त्याची काती (सुरी) इथेच आणतो. रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो आणि पोयीची (माडाच्या फुलोऱ्याची) कागदासारखी पातळ चकती कापतो, ती काती जराशी बोथट झाली तर पोय चेचते आणि सूर कमी येतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, छानच झालं, पण सूर काढणारा रेंदेर आणि त्याची काती घडवणारा हात ह्यांच्याकडे कोण बघणार? निरुपयोगी हा शब्द ठरावात कोणी घातला ते मला माहीत नाही, पण त्या माणसाने मे महिन्यात तिठ्यावर उभं राहून बघितलेलं नाही एवढं नक्की.

आता माझ्या तक्रारी. एकेक सांगते.

पहिली, हा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आलाच नाही. "रस्ता सुधारणा व इतर कामे" असं काहीतरी मोघम होतं, त्यात भट्टी आहे हे कोणालाच कळलं नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत ग्रामोद्योग आणि कुटीरोद्योग आहेत. म्हणजे गावातला शेवटचा लोहार जगवणं हे तुमच्याच कामात येतं, आणि तुमचाच ठराव त्याला उठवायला निघालाय.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, कारण तिच्यावर तुमचा अख्खा रिपोर्ट उभा आहे. इंजिनियरने लिहिलंय की आत उजेड अपुरा आहे, खिडक्या नाहीत, म्हणून जागा वापरायला अयोग्य. अहो, भट्टीत अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. लोखंड किती तापलंय हे लोहार रंगावरून ओळखतो, दुसरं मापच नाही त्याच्याकडे. आधी काळपट लाल, मग लालभडक, मग नारिंगी, पिवळा, आणि पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळायला लागलं, ते फुकट गेलं. घडवायला एक रंग लागतो, पाणी द्यायला (पाण्यात बुडवून कडक करायला) दुसरा, आणि ह्या दोन लालांतला फरक उन्हात दिसतच नाही. खिडकी पाडली की लोहाराचे डोळे गेले असं समजा. आणि पाणी दिल्यावर काम संपत नाही, खरं नाजूक काम तिथून पुढे. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं पण ठिसूळही होतं, तसंच हातात दिलं तर नारळाच्या सोडणावर पहिल्याच घावाला धारेचा टवका उडेल. म्हणून दादा पात्याची नुसती धार बुडवून बाहेर काढतात, दगडावर घासून धारेजवळचा पट्टा चकचकीत करतात, आणि गप्प बसून बघत राहतात. त्या वेळी कोणी बोलायचं नसतं, लहानपणी तिथे खेळणाऱ्या पोरांनासुद्धा हे ठाऊक असतं. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या पट्ट्यावर रंग चढत जातात, आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा येतो साधारण २२० अंशांवर आणि निळा ३०० च्या आसपास, म्हणजे सगळं काम ऐंशी अंशांच्या आत. कातीला आधी थांबायचं, कोयत्याला जरा पुढे जाऊ द्यायचं, पहारीला आणखी पुढे, आणि हवा तो रंग धारेला टेकला की पातं पुन्हा पाण्यात. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, एक अंधारी खोली आणि दोन डोळे. तुम्ही दादांना मार्केटच्या नव्या शेडमध्ये जागा देऊ म्हणालात, ती शेड चारी बाजूंनी उघडी, वर पारदर्शक पत्रे, भर दुपारचा लख्ख उजेड. तिथे वेल्डिंग होईल, धार निघेल, कोयता घडणार नाही. हे दादांना एकदा विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत समजावलं असतं, पण इंजिनियर आत गेला तेव्हा दादा घरात होते आणि त्यांना कोणी बाहेर बोलावलंसुद्धा नाही.

तिसरी, जीर्ण कशी झाली ते. भट्टीची भिंत पावसात भिजून खालून फुगलीये हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ती का भिजते? रस्ता दर वेळी हॉटमिक्स करताना जुना थर न काढता वर नवा थर घालत गेलात, रस्ता चढत गेला आणि भट्टीचा उंबरठा खाली राहिला, पूर्वी दोन पायऱ्या चढून आत जावं लागायचं तिथे आता एक पायरी उतरून जावं लागतं. गटार बांधलं ते पलीकडच्या बाजूला. म्हणजे तिठ्यावरचं सगळं पाणी पावसात सरळ मातीच्या भिंतीला लागतं. दादांनी गटारासाठी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या त्यांच्या ट्रंकेत आहेत, मी बघितल्यात. ज्या भिंतीला पाणी पंचायतीच्या रस्त्याने लावलं तीच भिंत जीर्ण म्हणून पंचायत पाडणार, हे कुठल्या न्यायात बसतं ते तुम्हीच सांगा.

चौथी गोष्ट कागदांची. दादांचं कुटुंब तिथे पिढ्यानपिढ्या राहतंय, पोर्तुगीज अमलातल्या घरपट्टीच्या पावत्या आहेत, मुक्तीनंतरच्या आहेत, रेशनकार्ड आहे, लाइटबिल आहे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसते म्हणून काही घर बेवारशी होत नाही. १९७५ चा मुंडकार कायदा अशाच माणसांसाठी आला, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला उठवता येऊ नये आणि घर नि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून. त्यांचं प्रकरण आधी नीट तपासायला हवं होतं. आणि नकाशात घर वेगळं आणि भट्टी वेगळी असे दोन तुकडे दाखवलेत, भट्टी म्हणे शेड. एकच आढं आहे दोन्हीवर, मधली भिंत सामायिक आहे. रांधायच्या खोलीतून भट्टीत उतरायला दार आहे, त्याच दारातून दादांच्या आईने आणि मग बायकोने आयुष्यभर भाता ओढायला ये-जा केली. लोहाराच्या घरात बायकांनी जेवढा भाता ओढला, जेवढा घण घातला तो कुठल्या कागदावर नाही, तो फक्त त्या दारात दिसतो, उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालाय.

पाचवी. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ धंद्यांत लोहार आहे. ट्रेनिंग, हत्यारांसाठी १५,००० रुपये, मग ५ टक्क्यांनी कर्ज, आधी एक लाख आणि ते फेडलं की दोन लाख. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. दादांचा अर्ज तिथेच अडकलाय. कारण कोणी सांगत नाही. पाडायच्या यादीतल्या भट्टीचा अर्ज पुढे कसा पाठवायचा, हे कारण असेल तर ते लेखी द्या.

आणि पुतळा. ह्याच्यावर मला फार बोलायचं नाही कारण बोलायला लागले की गळा भरून येतो. लोटलीच्या बिग फूटमध्ये जुन्या गोव्यातल्या कारागिरांचे पुतळे आहेत, बाणावलीच्या गोवा चित्रमध्ये शेतीची जुनी अवजारं जपून ठेवलीयत, ती कामं मोठी आहेत, मी माझ्या मुलांना दोन्हीकडे नेलंय. पण जे उरलं नाही त्याची आठवण म्हणून ती आहेत. आमच्याकडे माणूस उरलाय, हात उरलेत, पुतण्या शिकतोय. त्याला उठवून त्याच जागेवर त्याचा सिमेंटचा आकार उभा करायचा, आणि दादांनी रोज घरातून, घर कुठे असेल तिथून, येता-जाता तो बघायचा? हे मनाला पटतं का तुमच्या?

पार्किंग नको असं माझं म्हणणं नाही. मसाल्यांच्या बागा बघायला येणाऱ्या बसगाड्या तिठ्यावर अडकतात, जत्रेला तर चालायलाही वाट उरत नाही, मलाही त्रास होतो, माझ्या सुपारीचा टेम्पो तासतासभर अडकलाय. पण समाजसभागृहाच्या मागे पंचायतीची मोकळी जागा आहे, तिच्यावर जुन्या बांधकामाचा राडारोडा पडलाय, तो उचलला तर तिठ्यावर बसतील त्याहून जास्त गाड्या तिथे बसतील आणि तिठा मोकळा राहील. भट्टीची जागा आहे केवढी! त्यात मोजक्या गाड्या राहतील आणि त्या मागे घेताना पुन्हा तिठाच अडवतील. ह्या जागेचा विचार झाला होता का, झाला असेल तर का सोडली, हेही ठरावात नाही.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायचीय जी रिपोर्टात येणं शक्यच नव्हतं. भट्टीच्या आतल्या भिंतीवर, ऐरणीच्या मागे, खिळ्यांना पत्र्याचे कापलेले नमुने टांगलेले आहेत. काळे पडलेत, पहिल्यांदा बघणाऱ्याला भंगार वाटेल. एकेक नमुना एकेका कामाचा आणि कधीकधी एकेका घराचा आहे. खाजनातल्या चिकट मातीचं खोरं वेगळं, मोरडावरच्या खडकाळ जमिनीची कुदळ वेगळी, पाडेलीच्या कोयत्याचं टोक जास्त वळलेलं, पोफळीवर चढणाऱ्याचा कोयता हलका. दादांच्या वडिलांनी कापलेले आहेत त्यात, त्यांच्याही आधीचे आहेत. माझा डावखुरा पण आहे, खालून दुसऱ्या ओळीत. ह्या गावाची जमीन कशी आहे, कोण काय पिकवायचं, कोणाचा हात कसा होता, हे सगळं त्या भिंतीवर टांगलंय. जेसीबी आला की ते अर्ध्या तासात राडारोड्यात जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही की काय गेलं. शेडमध्ये नेऊन टांगता येतील असं म्हणाल, पण कुठला नमुना कसा वापरायचा हे ज्याला कळतं तो माणूस, ती ऐरण त्या उंचीवर आणि ती खोली, हे एकत्र आहे म्हणून त्या पत्र्यांना अर्थ आहे.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

१. भट्टी आणि घर पाडायचा ठराव रद्द करा. निदान पुढच्या ग्रामसभेत हा विषय स्पष्ट शब्दांत, भट्टीचं नाव घालून, विषयपत्रिकेवर घ्या आणि तोपर्यंत तिथे कसलंही मशीन आणू नका.

२. ह्या पावसाच्या आधी भट्टीच्या बाजूने गटार काढा. पुढच्या वेळी हॉटमिक्स करताना आधी जुना थर खरवडून काढा.

३. पुतळ्यासाठी धरलेला निधी नियमात बसवून भट्टीच्या भिंतीच्या आणि छपराच्या दुरुस्तीला वापरता येतो का ते बघा. दुरुस्ती मातीचं काम येणाऱ्या माणसाकडून करून घ्या, सिमेंटचा गिलावा मारू नका, मातीच्या भिंतीत ओल कोंडून राहते. आणि खिडक्या काढू नका.

४. दादांचा विश्वकर्माचा अर्ज पडताळून पुढे पाठवा, नसेल पाठवायचा तर कारण लेखी द्या. मुंडकार म्हणून त्यांची बाजू मांडायला जे दाखले पंचायतीकडून लागतील ते अडवू नका.

५. समाजसभागृहामागच्या जागेची पार्किंगसाठी मोजणी करा आणि ती ग्रामसभेत ठेवा.

६. भिंतीवरचे नमुने, ऐरण, भाता, दोण, घराचं मोजमाप, हे सगळं दादांना विचारून, त्यांच्या शब्दांत, फोटोंसकट नोंदवून ठेवायला पंचायतीने माणूस द्यावा. आमच्या बचत गटाच्या बायका ह्या कामाला बसायला तयार आहेत, हायस्कूलची मुलं येतील, आम्हाला मानधन नको.

इंजिनियरचा रिपोर्ट, ठरावाची प्रत आणि अंदाजपत्रक ह्यांच्यासाठी मी माहिती अधिकाराखाली अर्ज दिलाय, कायद्याने ३० दिवसांत उत्तर यायला हवं, त्याची वाट बघतेय. पण ह्या पत्राचं उत्तर मला एकटीला घरी पाठवू नका. ते पंचायतीच्या नोटीस बोर्डावर लावा, आणि त्याची एक प्रत भट्टीच्या दारावर, जिथे नोटीस लावली होती तिथेच. दादांचा चष्मा फुटलाय, अक्षर जरा मोठं काढा.

आपली,
वरच्या वाड्यावरची एक कुळागरवाली ग्रामस्थ